निम-फासला

परवा माळ्यावरची ट्रंक आवरायला घेतली आणि आजोबांची वही हाती लागली. लाल कापडी बांधणी, पिवळी पडलेली पानं, आतमध्ये मराठीत रुळलेल्या फारशी शब्दांची यादी. कागद, कलम, दौत, शाई, मजकूर, दफ्तर... लिहिण्याशी संबंधित निम्मे शब्द तिकडचेच! पानाच्या डाव्या कडेपासून मराठी शब्द सुरू व्हायचा, उजव्या कडेपासून त्याचं मूळ, आणि दोघे मध्ये कुठेतरी भेटायचे.

आजोबा मराठवाड्यातले. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतून आणि जोडीला फारशी. माधव जूलियनांचा १९२५ चा फार्सी-मराठी कोश कायम त्यांच्या उशाशी असे. १९९८ साली त्यांच्या पंच्याहत्तरीला या वहीचं छोटं पुस्तक करून घरच्यांना वाटायचं असा बेत मी आखला. गावातल्या एका डीटीपीवाल्याकडे कुठूनतरी अरबी अक्षरांचा फॉन्ट मिळाला. दोन दिवस खपून मी पहिलं पान तयार केलं आणि मोठ्या ऐटीत आजोबांपुढे ठेवलं.

त्यांनी चष्मा लावला, पान जवळ घेतलं, लांब धरलं. मग म्हणाले, "अरे, कलम कुठाय? इथं तर म-ल-क लिहिलंय. आणि तेही सुटं सुटं!"

झालं होतं असं. 'कलम' फारशीत तीन अक्षरांचा. काफ, लाम, मीम. तिन्ही हातात हात घालून उभी राहतात. मी ती एकेक करून टाइप केली, आणि संगणकानं ती इमानेइतबारे डावीकडून उजवीकडे एकेकटी मांडून ठेवली. उजवीकडून वाचणाऱ्याला शब्द उलटा दिसणार, दुसरं काय!

शेवटी पुस्तकात फक्त मराठी बाजू छापली आणि उजवी बाजू कोरी ठेवली. "मी भरतो हातानं," आजोबा म्हणाले. साठ प्रती छापल्या होत्या. तेवीस भरून झाल्या आणि मग डोळ्यांनी साथ सोडली. २००१ मध्ये ते गेले. तुमच्यापैकी काहींकडे ते पुस्तक असेल. कुणाकडे भरलेलं, कुणाकडे कोरं.

ती कोरी बाजू बरीच वर्षं मनात सलत राहिली. त्या निमित्तानं या लिपीची यंत्राशी झालेली झटापट वाचत गेलो. त्याचीच ही गोष्ट.

अरबीची अक्षरं २८. फारशीनं त्यात पे, चे, झे आणि गाफ ही चार घातली, म्हणून ३२. ऐकायला सोपं आहे. पण बहुतेक अक्षरांची रूपं चार असतात. एकटं असताना एक, शब्दाच्या सुरुवातीला दुसरं, मध्ये तिसरं, शेवटी चौथं. अलिफ, दाल, रे, वाव यांसारखी काही अक्षरं मागच्याचा हात धरतात, पुढच्याला मात्र देत नाहीत. त्यावर जोडाक्षरांची वळणं वेगळीच. हातानं लिहिणाऱ्याला हे सगळं विचार न करता जमतं. पण छापखान्यात त्यासाठी शेकडो खिळे लागायचे.

टाइपरायटरवर शेकडो कळा बसवणार कुठे? सलीम हद्दाद यांनी १८९९ मध्ये अमेरिकेत अरबी टाइपरायटरचं पेटंट घेतलं. त्यांची युक्ती अशी, की अक्षरांची रूपंच कमी करायची. चाराच्या जागी दोनांत भागवायचं. पुढे १९५० च्या दशकात बैरुतच्या 'अल-हयात' या वर्तमानपत्राचे कामिल मुरव्वा यांच्या पुढाकारातून, लायनोटाइप यंत्रासाठीही असाच 'सोपा' अरबी टाइप निघाला. बातम्या वेगानं जुळवायच्या तर नजाकतीवर पाणी सोडावं लागणारच.

म्हणजे यंत्र बदलत नव्हतं, लिपीला बदलावं लागत होतं. काही ठिकाणी तर लिपीच गेली. तुर्कस्ताननं १९२८ मध्ये अरबी लिपी सोडून रोमन घेतली. ताजिकिस्तानातली फारशी आधी रोमन झाली, मग १९४० च्या सुमारास सिरिलिक. कैरोच्या अरबी भाषा अकादमीपुढे १९४० च्या दशकात अब्दुल अझीझ फहमी यांनी रोमन अक्षरांचाच प्रस्ताव ठेवला होता. तो फेटाळला गेला हे सांगायला नको. या निर्णयांमागे राजकारण होतं, आधुनिक होण्याची घाई होती. पण 'ही लिपी यंत्राला झेपत नाही' हा युक्तिवाद हाताशी असायचाच.

हसू नका मंडळी, आपलंही काही वेगळं नव्हतं. सावरकरांची 'अ'ची बाराखडी आठवा. अि, अी, अु. किर्लोस्कर मासिक तशा लिपीत छापलं जायचं. आणि मोडी? हात न उचलता लिहायची आपली ही झोकदार लिपी छपाईच्या जमान्यात बाळबोधीपुढे मागे पडत गेली आणि शेवटी कचेऱ्यांतूनही उठली. आज आपलेच पणजोबांचे कागद वाचायला आपल्याला जाणकार शोधावा लागतो.

संगणक आले तेव्हा हीच चूक नव्यानं झाली. डॉसच्या काळात इराणमध्ये 'इराण सिस्टिम' नावाची संकेतप्रणाली चालायची. तीत अक्षराऐवजी अक्षराची रूपं साठवत. सुरुवातीचं वेगळं, शेवटचं वेगळं, तेही पडद्यावर दिसतील त्या क्रमानं. दिसायला ठीक होतं. पण शोधायचं, यादी लावायची, दुसऱ्या यंत्रावर न्यायचं म्हटलं की पंचाईत.

खरी गुरुकिल्ली दुसरीकडे होती, आणि ऐकल्यावर वाटतं, इतकं साधं? संगणकानं फक्त अक्षर लक्षात ठेवायचं. त्याचं रूप कुठलं, ते दाखवायच्या क्षणी शेजारी बघून ठरवायचं. झेरॉक्स कंपनीतल्या जो बेकर यांनी १९८४ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये बहुभाषिक लेखनावर लेख लिहिला, त्यात अरबीचं उदाहरण देऊन हेच मांडलं होतं. हेच बेकर पुढे युनिकोडच्या जनकांपैकी एक झाले. १९८७ च्या आंतरराष्ट्रीय अरबी प्रमाणातही प्रत्येक अक्षराला एकच जागा होती, फक्त त्यात फारशीची चार अक्षरं नव्हती. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि अरबी, फारशी, उर्दू एका मांडवाखाली आल्या.

दिशेचं कोडंही असंच सुटलं. अक्षरं ज्या क्रमानं उच्चारतो त्याच क्रमानं साठवायची. उजवीकडून मांडायची की डावीकडून, ते दाखवताना ठरवायचं. गंमत म्हणजे फारशी मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, पण त्यातला १९२५ हा आकडा डावीकडून उजवीकडेच लिहिला जातो. एकाच ओळीत दोन्ही दिशांची वाहतूक! (त्या आकड्यांना अरब लोक 'हिंदी' आकडे म्हणतात, हे जाता जाता.)

पण प्रमाण ठरलं म्हणजे सगळं सुरळीत झालं, असं नाही. अरबी 'ये' आणि फारशी 'ये' युनिकोडमध्ये वेगळे आहेत. काफचंही तसंच. शब्दाच्या शेवटी आलेल्या अरबी 'ये'खाली दोन ठिपके असतात, फारशीच्या नसतात. पण सुरुवातीला आणि मध्ये दोघं हुबेहूब सारखे. अनेक जुन्या कळफलकांवरून अरबी 'ये' उमटायचा. त्यामुळे 'ईरान' हा शब्द दोन जणांनी लिहिला, डोळ्यांना तसूभर फरक दिसला नाही, तरी एकानं शोधलं तर दुसऱ्याचं सापडायचं नाही. अख्ख्या देशाचं नाव, आणि शोधणाऱ्याला गायब! इराणनं २००२ मध्ये राष्ट्रीय प्रमाण काढून कुठलं अक्षर वापरायचं ते लिहून ठेवलं, ते अशाच घोळांसाठी.

आता शीर्षकाकडे येतो. फारशीत 'मी जातो' याला म्हणतात 'मी-रवम'. (यातला 'मी' म्हणजे आपला मी नव्हे हं, तो क्रियापदाचा उपसर्ग आहे.) हा 'मी' पुढच्या शब्दाला चिकटवायचा नाही, आणि मध्ये पूर्ण मोकळी जागाही सोडायची नाही, नाहीतर ओळ तिथेच तुटून शब्दाचे दोन तुकडे व्हायचे. म्हणून युनिकोडमध्ये एक न दिसणारं चिन्ह आहे. शेजारच्यांना सांगतं, जवळ राहा पण हात धरू नका. इराणी लोक त्याला म्हणतात 'नीम-फासेले'. निमसरकारी, निमशहरी यांतला तोच निम. अर्धं अंतर.

त्याचं जुळं भावंडही आहे, हात धरायला लावणारं. अरबी लिपीतल्या हात धरण्या-सोडण्याची ही जोडी आपल्या देवनागरीतही कामाला आली. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचं अनेकवचन. हा फरक दाखवायला आपल्यातल्या कित्येकांनी र, हलन्त आणि ते न दिसणारं चिन्ह अशी कसरत वर्षानुवर्षं केली आहे. आणि 'दर्या' हा शब्द मुळात फारशी! आजोबांना हे सांगायला हवं होतं.

२००१ मध्ये फारशीत ब्लॉग सुरू झाले. हुसेन दरख्शान यांनी युनिकोडमधून फारशी ब्लॉग कसा लिहावा, हे पायरी-पायरीनं लिहून दिलं आणि बघता बघता हजारो लोक लिहायला लागले. त्याच दरख्शान यांना २००८ मध्ये तेहरानमध्ये अटक झाली. २०१४ मध्ये ते सुटले. अक्षरं नीट दिसायला लागली की माणसं मनातलं लिहायला लागतात, आणि ते सगळ्यांनाच रुचत नाही.

तेहरानच्या शरीफ विद्यापीठात फार्सीवेब नावाचा एक प्रकल्प होता. त्यातले बहदाद इस्फहबोद यांनी पुढे 'हार्फबझ' हे सॉफ्टवेअर घडवलं. फारशीत हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुलं. अक्षरं शेजार बघून जोडण्याचं काम हे करतं, आणि नुसत्या फारशीचं नाही. अँड्रॉइड फोनवर 'किती' लिहिताना क नंतर टाइप केलेली वेलांटी क च्या आधी जाऊन बसते ना, तेही तेच करतं. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये मोडीलाही जागा मिळाली. उशीर झाला खरा, पण मिळाली.

परवा रात्री वही शेजारी ठेवून फोनवर काफ, लाम, मीम दाबलं. तिसरं अक्षर उमटताच तिघांनी हात धरले. कलम. उजवीकडून डावीकडे, जिथल्या तिथे. हे पान "बघा आता" म्हणून दाखवायला समोर कुणी नव्हतं, इतकंच.

असो. वही अर्धी टाइप करून झाली आहे. आजोबांचं अक्षर दोन-तीन ठिकाणी लागत नाही, तिथे भरलेल्या प्रतींचा आधार घ्यावा लागेल. तेव्हा नातेवाईक मंडळी, ज्यांच्याकडे भरलेली प्रत आहे त्यांनी पानांचे फोटो पाठवा. कोरी असेल त्यांनी नुसतं कळवा, उजव्या बाजूची पानं छापून पाठवतो. आणि भरलेल्या प्रती जपा. छापलेलं आता कितीही निघेल. ते तेवीसच आहेत.