शंभर टनांची धास्ती

विजापूरची मलिक-ए-मैदान आणि जंजिऱ्याची कलाल बांगडी यांवर हात फिरवतच मला इतिहासाचे वेड लागले. त्यामुळे माल्टाला गेलो तेव्हा पहिला दिवस रिनेला किल्ल्यासाठी राखला. उंच बुरूज शोधत गेलो, तर समोर जमिनीत दबून बसलेली बसकी वास्तू! १८७८ ते १८८६ या काळात बांधलेला हा किल्ला एकाच तोफेसाठी आहे. एका स्थानिक संस्थेने त्याची डागडुजी केली असून तोफ अजून जागेवर आहे.

वजन शंभर टन, नळीचा व्यास ४५० मिलिमीटर, गोळा सुमारे ९०० किलोचा. तो हातांनी ठासणे अशक्य. म्हणून वाफेच्या यंत्राने पाण्याला दाब देऊन त्या दाबावर तोफ फिरवीत. नळी झुकवून तोंड भरणीच्या खोलीसमोर आणले की यांत्रिक गज दारू आणि गोळा आत ढकली. अशा खोल्या दोन बाजूंना दोन. एकीकडे भरणी चाले तोवर दुसरीकडे पुढच्या बाराची तयारी.

हा खटाटोप कशासाठी? इटलीने ‘दुइलिओ’ आणि ‘दान्दोलो’ या युद्धनौकांसाठी प्रत्येकी चार अशाच तोफा घेतल्या होत्या. माल्टावरच्या ब्रिटिश तोफा त्यांच्यापुढे तोकड्या पडणार होत्या. पण इटलीला तोफा विकल्या कुणी? न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँग कारखान्यानेच. धास्तावलेले ब्रिटिश सरकार त्याच कारखान्याच्या दारी गेले आणि चार तोफा घेऊन आले: दोन माल्टाला, दोन जिब्राल्टरला. रोग आणि औषध एकाच दुकानातले.

तोफ बेटावर पोहोचली १८८२मध्ये. त्याआधी, १८७८च्या उन्हाळ्यात, डिझरायलीने रशियाला धाक दाखवायला सुमारे सात हजार हिंदी सैनिक माल्टाला आणवले होते. त्यांत मुंबई इलाख्याच्या पायदळाच्या नवव्या आणि सव्विसाव्या पलटणी होत्या. मागे दख्खन दुष्काळातून नुकती कुठे सावरत होती. शत्रू वेगळे, निमित्ते वेगळी, हे मान्य. तरी तोफ यायला चार वर्षे लागली आणि पलटणी काही आठवड्यांत हजर झाल्या. या दोन तारखा शेजारी मांडल्यावर साम्राज्याचे हाताशी असलेले हत्यार कोणते, हे मला कळले. आपल्या किल्लेप्रेमी लेखनात (माझ्याही) टनांचे आकडे येतात, पलटणींचे सहसा येत नाहीत.

रिनेलाच्या तोफेने शत्रूवर एकही गोळा टाकला नाही. १९०६मध्ये तिला सेवेतून काढले. निघताना सवयीने नळीवर हात ठेवला. उन्हाने चांगलीच तापली होती.