मिठाचं कुंपण: सीमा मिटली, पण कुणाच्या खिशातून?

मीठ आणि इंग्रज म्हटलं की आपल्याला १९३० आठवतं. दांडी, शिरोडा, वडाळा. म्हणजे समुद्रकिनारा. आज आम्ही बोलणार आहोत ते किनाऱ्यापासून शेकडो मैल आत असलेल्या, आणि पार विसरल्या गेलेल्या एका सीमेबद्दल.

२०२५ साली लंडनमध्ये सॉमरसेट हाउसच्या चौकात हिमाली सिंग सोइन आणि डेव्हिड सोइन टॅपेसर या कलावंत जोडीनं छापील कापडाची एक लांबलचक मांडणी उभी केली. नाव ‘नमक हलाल / नमक हराम’. ते कापड म्हणजे एका कुंपणाची आठवण होती. जागाही मासलेवाईक, कारण एकेकाळी इंग्लंडचं करखातं याच इमारतीत बसायचं! त्यांच्याच एका चित्रपटात मायाली नावाची कलावंतीण आहे. तिचा तनखा मिठाच्या रूपात ठरलेला होता.

कुंपण कसलं, तर मिठावरची जकात चुकवू नये म्हणून उभारलेलं. १८६९ च्या सुमारास ही जकातरेषा सिंधूपासून महानदीपर्यंत, २,३०० मैल होती. पहाऱ्याला जवळजवळ १२,००० माणसं. तिच्या मोठ्या भागात जिवंत कुंपण वाढवलेलं होतं: बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग, थोर. सगळी आपल्या बांधावरची झाडं बघा! ते जोमानं वाढवण्यात पुढे होते जकात आयुक्त अ‍ॅलन ह्यूम. होय, तेच, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत असलेले.

आता नाशिकचा संबंध काय? ही रेषा खाली बऱ्हाणपूरपर्यंत येत होती. नाशिकरोडहून भुसावळमार्गे गाडीनं चार-पाच तास. आपण मुंबई इलाख्यात, म्हणजे स्वस्त बाजूला. इथे मिठावर मणामागे १ रुपया १३ आणे कर, आणि तिकडे उत्तरेत ३ रुपये. मण म्हणजे साधारण ३७ किलो. कोकणातल्या मिठागरांचं मीठ बैलांच्या पाठीवर घाट चढून यायचं, पुढे रेल्वेनं. कुंपण ओलांडलं की त्याच मिठाचा भाव वाढणार. मग चोरटा व्यापार होणारच, आणि तो होतच होता.

१ एप्रिल १८७९ ला बहुतेक रेषा रद्द झाली. इतिहासाच्या पुस्तकांत ही सुधारणा म्हणून येते. अर्थखात्याचे जॉन स्ट्रॅची यांनीही तशीच मांडली. पण रेषा उठवायची तर दोन्हीकडचा कर जवळ आणायला हवा. तो कसा आणला? उत्तरेत थोडा उतरवला, आणि मुंबई-मद्रास इलाख्यांत १ रुपया १३ आण्यांवरून २ रुपये ८ आण्यांवर नेला. मणामागे ११ आणे जास्त. कधी, तर १८७६–७८ च्या दुष्काळातून दख्खन जेमतेम उठत असताना. त्या दुष्काळात मेलेल्यांचा आकडा लाखांत आहे. भाकरीला दुसरं काही नसेल तर माणूस मीठ तरी लावून खातो. त्यावर हा कर.

गोव्याचंही तेच. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानं तिथल्या मिठाचं नियंत्रण इंग्रजांकडे गेलं, बदल्यात पोर्तुगिजांना वर्षाला ४ लाख रुपये. सरकारांचं जमलं, मिठागरवाल्यांचं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

लंडनची मांडणी आम्हाला महत्त्वाची वाटते, पण एक तक्रारही आहे. कुंपण दिसायला आकर्षक. त्याचं कापड होतं, चित्रपट होतो. ११ आण्यांचं चित्र काढणं अवघड. रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकानं कुंपणाचा माग काढायला वर्षं घालवली, तेव्हा १९९८ साली इटावा जिल्ह्यात एक तुकडा हाती लागला. तिथे निदान झाडं होती. आपल्या बाजूला शोधायचं तर जमिनीवर काही सापडणार नाही. जुन्या वाण्यांच्या वह्यांत, १८७८ च्या आधीचा मिठाचा भाव आणि नंतरचा भाव, असं शोधावं लागेल. आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर तशी वही असेल, तर व्याख्यानानंतर आम्हाला जरूर भेटा.