नव्या फटफटीचे पहिले हजार मैल

‘गाडी अजून रनिंगमध्ये आहे’ हे वाक्य एके काळी आमच्याकडे पुष्कळ ठिकाणी ऐकू येई. फोंड्यापासून बेळगावपर्यंत आणि इंदूरपासून बडोद्यापर्यंत, ज्या घरी नवी फटफटी येई त्या घरी पहिले काही महिने तिची चाल, तिचे तेल आणि तिच्या पाठीवरचे ओझे यांविषयी सोवळ्याओवळ्यासारखे कडक नियम पाळले जात. धाकट्या भावाने कितीही आर्जवे केली तरी गाडी त्याच्या हाती पडत नसे. आजच्या तरुणांस हा सारा प्रकार भाबडेपणाचा वाटतो. उलट जुनी मंडळी आजच्या गाडीलाही जुनाच नियम जसाच्या तसा लावू पाहतात. आमच्या मते दोन्ही पक्षांची थोडी गफलत होते आहे, आणि ती कशी ते कळण्यास या रिवाजाचा इतिहासच पाहिला पाहिजे.

मुळात ही रूढी कारखान्याच्या अपुरेपणातून जन्मास आली. सिलिंडरचे बिडाचे नळकांडे आतून कितीही घासून गुळगुळीत केले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली तेथे डोंगर आणि दऱ्याच दिसतात. पिस्टनच्या रिंगांचेही तसेच. या दोन पृष्ठभागांची शिखरे एकमेकांवर झिजून सपाट झाली म्हणजे रिंग नळकांड्यास चपखल बसते, आणि मग वरचा जळता वायू खाली गळत नाही व खालचे तेल वर चढत नाही. हे शेवटचे घासकाम त्या काळचा कारखाना पुरे करीत नसे; करूही शकत नसे. ते गिऱ्हाइकावर सोपविलेले असे. त्यात आणखी एक अडचण होती. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि नळकांडे बिडाचे. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. नव्या इंजिनात घर्षण अधिक, म्हणून उष्णताही अधिक, आणि मोकळी जागा मात्र केसाएवढी. अशा वेळी गाडी जोरात पळविली की पिस्टन फुगून नळकांड्यास धरे आणि धावत्या गाडीचे मागचे चाक एकाएकी थांबे. मिस्त्री लोक यालाच ‘इंजिन जाम झाले’ असे म्हणत.

म्हणूनच इंग्लंडात पहिल्या पाचशे ते हजार मैलांपर्यंत गाडी जपून चालविण्याचा उपदेश मालकास केला जाई. तेथे नव्या मोटारीच्या मागच्या काचेवर ‘गाडी नवी आहे, कृपया पुढे जावे’ अशा अर्थाची चिठ्ठीही लावीत. हा उपदेश आमच्या देशात रुजला तो मुख्यतः बुलेटबरोबर. रेडिचच्या रॉयल एनफिल्ड कारखान्याची ही गाडी भारतीय लष्कराने सीमेवरील गस्तीसाठी पसंत केली, आणि १९५५ साली मद्रास येथे तिची जोडणी सुरू झाली. पुढे तिचे सुटे भागही येथेच होऊ लागले. साडेतीनशे घनसेंटिमीटरचे ते बिडाचे इंजिन दणकट खरे, परंतु मानी. त्याची मर्जी राखण्यासाठी मालकास पुष्कळ काही शिकावे लागे. पहिल्या काहीशे मैलांनंतर तेल काढून पाहिले तर त्यात धातूची चांदीसारखी पूड चमकत असे. ते तेल टाकून नवे भरणे हे पहिले कर्तव्य. सिलिंडरच्या डोक्याचे बोल्ट पुन्हा आवळावयाचे, कारण खालचे गॅस्केट दबून बसलेले असे. साखळी ताणून सैल झालेली असे, तीही ओढून घ्यावयाची. पॉइंटमधील अंतर पाहावयाचे आणि टॅपेट तपासावयाचे. पुढल्या आयुष्यात गाडीस जे जे लागणार, त्या सर्वांची धुळाक्षरे मालक याच काळात गिरवी.

परंतु येथेच एक गैरसमज शिरला, आणि तो आजतागायत टिकून आहे. ‘जपून’ याचा अर्थ लोकांनी ‘सावकाश’ असा केला. वास्तविक सांगणे असे होते की इंजिनावर भार टाकू नका. मागे एक स्वार आणि वर सामान घेऊन, वरचाच गिअर टाकून, कण्हत कुथत अनमोड घाट चढणे हे पंचवीसच्या वेगाने केले तरी नव्या इंजिनास घातकच. खालचा गिअर टाकून, इंजिनास मोकळे फिरू देऊन चढावे, हा खरा नियम. दुसरे असे की फाजील मायाही बाधते. रिंगेच्या मागे वायूचा दाब गेल्यावाचून ती नळकांड्यास टेकत नाही. ज्याने महिनोन्‌महिने गाडी नुसती रांगविली, त्याच्या नळकांड्यास काचेसारखी झिलई चढे, रिंगा कधीच बसत नसत, आणि गाडी जन्मभर तेल पिऊन निळा धूर ओकी. अतिलाडाने बिघडलेल्या मुलाची उपमा येथे सुचते, पण ती राहू द्या.

जावाची तऱ्हा आणखी निराळी. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून बाहेर पडू लागलेल्या या गाड्या दोन टप्प्यांच्या इंजिनाच्या. तेथे सिलिंडरास वंगण मिळे ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच, आणि नव्या गाडीस ते नेहमीपेक्षा अधिक घालीत. घाट चढताना जावास फारसे भय नसे. भय उतरताना असे. थ्रॉटल पूर्ण मिटवून, गिअरात ठेवून उतरू लागले की चाकांच्या ओढीने इंजिन वेगाने फिरते, परंतु पेट्रोल बंद, म्हणजे तेलही बंद. नवा पिस्टन नेमका अशाच उतरणीवर धरे. जाणता स्वार उतारावरही अधूनमधून थ्रॉटल जरासा उघडून इंजिनास तेलाचा घोट देत असे.

हे सारे नियम हौशी माणसापेक्षा पोटार्थी माणसास अधिक मोलाचे होते. गोव्यात पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल भाड्याने चालविणारे पायलट सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांच्यापैकी कोणाचे इंजिन जाम झाले, तर सिलिंडर काढून लेथवर न्यावा लागे, नळकांडे मोठे कातून त्यात मोठा पिस्टन बसवावा लागे, आणि तितके दिवस घरात पैसा येत नसे. शिवाय नळकांडे असे दोन-तीनदाच कातता येते. पुढे बीडच उरत नाही. पहिल्या महिन्यातील एका उतावळेपणाने यंत्राच्या आयुष्यातील एक हप्ता कायमचा खर्ची पडे. स्कूटरसाठी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागण्याचा तो काळ. हाती आलेले वाहन वाया दवडणे परवडण्याजोगे नव्हतेच.

आमच्या देवळांशी या विषयाचा संबंध आहे तो असा. नवे वाहन आधी कुलदेवतेच्या दारी न्यावे, हा आमचा प्रघात. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे येथे हार घातलेली, कुंकवाचे स्वस्तिक रेखलेली, चाकाखाली लिंबू ठेवलेली नवी गाडी आजही दिसते. त्या लिंबाने पिस्टन वाचतो असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पणजीहून निघून मंगेशी व म्हार्दोळ करीत कवळ्यास जाणे, वाटेत थांबणे, दर्शनाला वेळ देणे, तोवर इंजिन निवणे, आणि मग परतणे, याहून उत्तम पहिली फेरी कोणत्याही कारखान्याने सुचविली नसती. दसऱ्याला गाडी धुऊन पुजताना सैल बोल्ट नि गळते तेल सहज नजरेस पडते, हाही लाभ लहान नव्हे.

१९८५ च्या सुमारास चित्र पालटू लागले. होंडा आणि यामाहा यांच्या सहकार्याने येथे नव्या गाड्या निघाल्या, आणि त्यांच्यामागून अधिक नेमकी यंत्रसामग्री आली. नळकांड्याच्या खडबडीची शिखरे कारखान्यातच छाटून, तेल धरण्यापुरत्या दऱ्या तेवढ्या ठेवण्याची रीत रूढ झाली. बुलेटचेही बिडाचे इंजिन २००८ नंतर हळूहळू निवृत्त झाले. मालकाकडे सोपविलेले घासकाम कारखान्याने परत घेतले. तरी सारेच घेतले नाही. आजही पहिल्या पाचशे-हजार किलोमीटरांस मर्यादा सांगितलेली असते आणि पहिले तेल लवकर बदलण्याची सूचना असते. म्हणून नव्या गाडीवर एकाच वेगाने लांबचा पल्ला मारू नये, वेग सतत बदलता ठेवावा, इंजिन गार असता ते ताणू नये आणि ओझ्याने कण्हू देऊ नये. नवे टायर पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरांत निसरडे असतात आणि ब्रेकही पुरते बसलेले नसतात, हे मात्र जुन्या काळाइतकेच खरे आहे. पावसाळ्यात गाडी घेणाऱ्याने तर ते विसरूच नये.

म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. जावाचे नाव २०१८ साली पुन्हा बाजारात आले, परंतु त्या गाडीचे इंजिन चार टप्प्यांचे आहे. तिच्या टाकीत नुसते पेट्रोल घालतात.