जावळाची जीप

तारीख १३ मे १९९०, वार रविवार. तुमचं वय दहा. काल रात्री झोपताना तुमच्याकडे स्वतःची गाडी होती, मोबाइल होता, गुडघेदुखी होती. आता अंगावर हाफ पँट आहे, कोपरावर खपली आहे आणि घरातले सगळे तुम्हाला बाळ्या म्हणतात. हिंगोलीतल्या एका वाड्याच्या ओट्यावर तुम्ही बसला आहात. समोर ताडपत्रीच्या टपाची भाड्याची जीप उभी आहे. धाकट्या काकांच्या लेकराचं जावळ तुळजापूरला काढायचंय. अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. ‘पहाटे पाचला निघू, म्हणजे ऊन लागायचं नाही,’ असं आठ दिवसांपूर्वी ठरलं होतं. ड्रायव्हर पाचला आलासुद्धा. आता दहा वाजत आलेत.

उशिराचं कारण सरळ आहे. रविवार आहे आणि दूरदर्शनवर ‘महाभारत’ आहे. कुरुक्षेत्रावर युद्ध ऐन रंगात आलेलं असताना ते अर्धवट टाकून जीपमध्ये चढायला घरातलं एक माणूस तयार नव्हतं. ड्रायव्हर तर सतरंजीवर सगळ्यांत पुढे बसला होता. मालिका संपल्यावर आजीला आठवलं की देवीची परडी देवघरातच राहिली. मोठ्या काकूंनी कुलूप उघडलं, परडी आणली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं. मग आजोबांनी ओढून पाहिलं. मग दाजींनी, ज्यांचं हे घरच नव्हे, त्यांनीही ओढून पाहिलं.

दाजी म्हणजे आत्याचे यजमान. सगळे दाजी म्हणतात म्हणून तुम्हीही दाजीच म्हणता. घरचे जावई असल्यामुळे पुढची खिडकीची जागा त्यांची. ती त्यांनी मागितलेली नाही, पण कुणी दिली नसती तर पुढची दोन वर्षं आत्याच्या पत्रांतून त्याचा उल्लेख येत राहिला असता. त्यांच्या शेजारी आजोबा. आजोबा आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये मोठे काका, गिअरच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून. दर दोन मिनिटांनी ड्रायव्हर नुसतं ‘पाय’ म्हणतो आणि काका गुडघा उचलतात. तुळजापूर येईपर्यंत या दोघांत दुसरा शब्द बोलला जाणार नाही.

मागे समोरासमोर दोन बाकडी. त्यांवर आजी, काकू, आई, आत्या, बाकीचे पुरुष आणि जावळाचं लेकरू. मधल्या जागेत ट्रंक, वळकटी, स्टोव्ह, दशम्यांचं गाठोडं, फिरकीचा तांब्या आणि कापडी पिशवीत पाच किलो हळद. ही हळद लातूरच्या मावशीची. तिला वसमतकडचीच हळद लागते, दुसऱ्या हळदीला म्हणे रंगच नसतो. ट्रंकेवर पोरं. म्हणजे तुम्ही. शिवाय शेजारच्या एक म्हाताऱ्या मावशी आहेत. त्यांना कुणी बोलावलं हे कुणालाच माहीत नाही. प्रत्येकाला वाटतंय की दुसऱ्यानं बोलावलं असेल, म्हणून कुणी विचारत नाही. लेकरासकट सतरा माणसं. समोर बंपरला पाण्याची छागळ लटकवली, नारळ फुटला आणि जीप निघाली.

पंचवीसेक किलोमीटरवर पहिला थांबा. औंढ्यावरून जायचं आणि नागनाथाचं दर्शन घ्यायचं नाही, असं म्हणायची कुणाची छाती नाही. बारा ज्योतिर्लिंगांतलं हे देवस्थान. गाभारा जमिनीच्या पोटात, अरुंद पायऱ्यांनी उतरायचं, खाली गेल्यावर उभं राहायची सोय नाही. पण तिथं दगडाला गारवा आहे. तो नीट साठवून घ्या, पुढे दिवसभर गारवा नाही. वर आल्यावर आजोबा तुम्हाला मागच्या बाजूला असलेला नंदी दाखवतात. नामदेव महाराजांना कीर्तन करू दिलं नाही म्हणून देऊळच फिरलं, ही गोष्ट तुम्हाला पाठ आहे. विसोबा खेचरांनी पिंडीवर पाय ठेवले होते ते याच देवळात, तीही पाठ आहे. आज आजोबा त्यात भर घालतात. नामदेव आपल्या नर्सीचे. पंजाबात घुमानपर्यंत जाऊन आले. घरात जनाबाई धरून पंधरा माणसं होती म्हणतात. ‘पण एवढ्या लांब जाताना त्यांनी घरचं एक माणूस संगं नेलं नाही,’ आजोबा जीपकडे बघत म्हणतात, ‘संत उगंच होत नाही माणूस.’

पुढे जवळा बाजार. इथं आत्याची नणंद राहते. आठवड्यापूर्वी तिला पंधरा पैशांचं कार्ड टाकलेलं: ‘रविवारी सकाळी सातच्या सुमारास पाच मिनिटं उभ्या उभ्या येऊन जाऊ.’ आता साडेबारा. सातपासून तिनं धपाटे थापून ठेवलेत, सुशीला करून ठेवलाय, आणि माणसं येईनात म्हणून मग सरळ स्वयंपाकच केलाय. ‘चहा तरी घ्या’ इथून सुरुवात होते आणि ‘जेवल्याबिगर कसं जाता?’ इथं ती पोचायला अजिबात वेळ लागत नाही. जेवणं होतात. दाजींना बहिणीच्या घरी डुलकी लागते. जावयाला उठवायचं कुणी? मोठे काका दोनदा खोकतात, आजोबा पानदान आपटतात, शेवटी ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला सांगतात. निघताना ओट्या भरायच्या राहतात, म्हणून सगळ्या बायका परत उतरतात.

या जीपचा रस्ता नकाशावर शोधू नका. तो नात्यांवरून आखलेला आहे. नणंद जिथं आहे तिथं वळण, देव जिथं आहे तिथं थांबा, आणि जिथं कुणीच नाही तिथं पंक्चर.

डांबराचा रस्ता एका गाडीपुरता. समोरून एसटी आली की जीप मुरमात उतरते आणि आत सगळ्यांच्या कवट्या टपाच्या दांड्यांना लागतात. ऊन मराठवाड्यातल्या मे महिन्याचं. हट्टा गेलं, झिरो फाटा गेला. राहटीजवळ पूर्णेच्या पुलावर काकांची मोठी मुलगी हळूच म्हणते, ‘मळमळायलंय.’ या एका शब्दानं अख्ख्या जीपमधलं वैद्यक जागं होतं. आजी लिंबू काढते. आत्या आवळासुपारी देते. म्हाताऱ्या मावशी म्हणतात कांदा हुंगवा. दाजी पुढून सांगतात की खिडकीत बसलं की मळमळत नाही, आणि खिडकीतून हलत नाहीत. ‘कामून थांबवायची गाडी? आत्ताच तर निघालो,’ असं मोठे काका म्हणत असतानाच उत्तर मिळतं. एकीला झालं की दुसऱ्याला होतं, दुसऱ्याला झालं की तिसऱ्याला. छागळीतलं पाणी तोंडं धुण्यातच संपलं.

परभणी मागे पडली. आजोबा आता त्यांच्या आवडीच्या विषयावर आलेत. हा सगळा मुलूख परभणी जिल्हा. हिंगोलीच्या माणसाला साध्या कागदासाठी इथवर यावं लागतं. एक्क्याऐंशीत जालना जिल्हा झाला, ब्याऐंशीत लातूर झाला, आपलं घोडं कुठं अडलं? तुम्हाला राहवत नाही. ‘आजोबा, १ मे १९९९ ला होईल.’ जीपमध्ये क्षणभर कुणी बोलत नाही. मग आई तुमच्या कपाळाला हात लावते. ‘लेकराला ऊन लागलं वाटतं.’ उरलेलं अर्धं लिंबू तुमच्या नाकाशी येतं. भविष्य माहीत असण्याचा या प्रवासात एवढाच उपयोग आहे.

गंगाखेडला गोदावरी. मे महिन्यात पात्रात वाळूच जास्त, तरी आजीसाठी ती गंगाच. ती पायऱ्या उतरून गेली, तांब्या भरून आणला, जनाबाईंचं गाव म्हणून हात जोडले. त्यानंतर ते गंगाजल कुणीही पिऊ नये म्हणून ती तांब्या मांडीवर घेऊन बसली. म्हणजे आता जीपमध्ये पाणी आहे आणि प्यायला पाणी नाही.

अंधार पडता पडता, परळी अजून लांब असताना, पंक्चर. स्टेपनी काढली तर ती आधीच बसलेली. ड्रायव्हर चाक घेऊन मागून आलेल्या एसटीनं परळीला गेला आणि सोळा माणसं बाभळीखाली बसली. पंक्चर का झालं याबद्दल प्रत्येकाचं मत ठाम आहे. परडी विसरली तेव्हाच मोठ्या काकूंना कळलं होतं. दाजींच्या मते वजन जास्त झालंय, आणि हे ते म्हाताऱ्या मावशींकडे न बघता म्हणतात. आजी म्हणते, ‘देवीचा वार मंगळवार हाय. ऐतवारी निघून काय फायदा, मी म्हटलंच होतं.’ तिनं असं कधी म्हटलेलं कुणाला आठवत नाही. आजोबांना या सगळ्याची गंमत वाटते. निजामाच्या काळात ते बैलगाडीतून तुळजापूरला गेले होते. आठ दिवस जायला, आठ दिवस यायला. वाटेत एक बैल मेला होता. ‘तुम्हाला एका पंक्चरनं रडू येतंय.’ आजोबांच्या त्रासाशी बरोबरी करायची सोय नाही, त्यात नेहमी एक मेलेला बैल असतो.

दशम्यांचं गाठोडं आत्ता सुटतं. शेंगदाण्याची चटणी, कांदा, लोणच्याची फोड. दुधात भिजवलेल्या दशम्या एवढ्या उन्हातही मऊ आहेत. सगळे जरा गप्प होतात. दिवसभरातली बरी म्हणावी अशी ही पहिलीच अर्धी घटका, आणि ती गाडी बंद पडल्यामुळे मिळाली आहे.

रात्री उशिरा परळी. औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांवरचे लाल दिवे लांबून दिसतात, ते पोरं मोजत राहतात. धर्मशाळेत वळकट्या उलगडल्या. दोन माणसांना एक पांघरूण, तुमच्या वाट्याला दाजी आले आहेत. ते घोरतात.

सोमवारी सकाळी वैजनाथ. दोन दिवसांत दोन ज्योतिर्लिंगं झाली, त्यामुळे आजीच्या लेखी हा प्रवास आत्तापर्यंत उत्तम चाललाय. मग अंबाजोगाईला योगेश्वरी. या घराची ती कुलस्वामिनी नव्हे, पण वाटेत लागलेल्या देवीला चुकवून दुसऱ्या देवीकडे जायचं धाडस कोण करणार? आणि अंबाजोगाई सोडल्यावर लातूरच्या रस्त्याला हळदीचा प्रकार झाला.

कुणाच्या तरी चपलेच्या खिळ्यानं पिशवी फाटली. कुणाच्या ते अजून ठरलेलं नाही, घरात आजही दोन तट आहेत. टपाची मागची बाजू उकाड्यामुळे गुंडाळून वर बांधलेली. वारा आत शिरला आणि बाहेर जायची वाट न मिळाल्यासारखा गरगर फिरला. पहिल्यांदा कुणी ओरडलंसुद्धा नाही. नुसतं सगळं पिवळं झालं. घामावर हळद बसली, तेल लावलेल्या केसांवर बसली, लेकराच्या जावळावर बसली. म्हाताऱ्या मावशी डोळे मिटून हात जोडून बसल्या, त्यांना वाटलं काही दैवी घडतंय. जीप थांबवून एकमेकांना झटकायला गेलात तर ती आणखीच भिनली. लातूरच्या चौकात सिग्नलपाशी जीप उभी राहिली तेव्हा रस्त्यावरची माणसं हसत नव्हती, वाट करून देत होती. जेजुरीहून परतणारी वारीच म्हणा.

मावशीनं दार उघडलं. सतरा पिवळी माणसं पाहिली. ‘माझी हळद कुठंय?’

मंगळवारी तुळजापूर. व्हायचं तेच झालं, देवीचा वार साधला. आजी कुणाला काही म्हणत नाही, नुसती सगळ्यांकडे एकदा बघते. वार साधल्यामुळे गर्दीही मंगळवारची आहे. कल्लोळ तीर्थावर हातपाय धुतले तर पाण्याला पिवळा ओघळ. तीन दिवसांत एकदाही न रडलेलं लेकरू न्हाव्याचा वस्तरा बघून जे रडायला लागलं ते मांडीवरून मांडीवर फिरलं तरी थांबेना. जावळ काढलं. केस पिवळे होते.

देवळाच्या आवारात चिंतामणीचा गोल दगड आहे. त्यावर हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडे वळला तर होय, डावीकडे वळला तर नाही, जागचा हलला नाही तर काम व्हायला वेळ लागेल. मोठे काका परतीच्या प्रवासाबद्दल विचारतात. दगड डावीकडे जातो. आजोबा मात्र हिंगोली जिल्ह्याचं विचारतात, आणि मनात न धरता मोठ्यानं विचारतात. दगड हलत नाही. ‘बघ,’ ते तुम्हाला म्हणतात, ‘याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.’ तुम्ही गप्प राहता. लिंबाचा वास अजून नाकात आहे.

आता परत या. आज हिंगोलीहून तुळजापूरला जाणारी गाडी बहुधा औंढ्याकडे वळतच नाही. राष्ट्रीय महामार्ग १६१ नं वारंगा फाट्यावरून नांदेड, तिथून ३६१ नं अहमदपूर, लातूर, औसा. बराचसा रस्ता चौपदरी, टोल फास्टॅगवर कापला जातो. सकाळी निघालं की दुपारी देवीसमोर. वाटेत नागनाथ नाही, गोदेचा तो घाट नाही, वैजनाथ नाही, नणंद नाही. मागच्या सीटवर दोन पोरं कानात इअरफोन घालून, आणि भांडण फक्त एसीच्या आकड्यावरून. पवनार ते पत्रादेवी असा शक्तिपीठ महामार्ग आखला आहे, मूळ आखणीत ८०२ किलोमीटरचा, बारा जिल्ह्यांतून. त्याच्या आखणीत हिंगोलीही आहे, औंढा, परळी, तुळजापूर ही देवस्थानं जोडण्याचा वायदाही आहे, आणि ज्यांची जमीन त्यात जाते त्या शेतकऱ्यांचा कडक विरोधही आहे.

तो होईल तेव्हा होईल. तोवर जायचंच असेल तर एकदा जुन्या रस्त्यानं, औंढा-परळीवरून जा. स्टेपनी आदल्या दिवशी तपासा, हळद स्टीलच्या डब्यात न्या, आणि जवळा बाजारच्या नणंदेला फोन करा तो गाव ओलांडल्यावरच.