सोड्याच्या पैशांतून दातांचं कॉलेज

रात्री झोपताना दात घासावेत, हे कॉलेजातल्या कुठल्याही मुलाला पाठ असतं. घासतात मात्र बहुतेक सकाळीच. आणि दातांच्या डॉक्टरची आठवण होते ती दाढ ठणकायला लागल्यावर. माहिती आणि सवय यांतलं हे अंतर जुनंच आहे.

डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी निदान माहितीची वाट मोकळी केली. पूर्व बंगालात १८९० मध्ये जन्मलेले अहमद अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून १९१५ मध्ये दंतवैद्य झाले. मायदेशी परतून १९२० मध्ये त्यांनी कलकत्त्यात देशातलं पहिलं दंतवैद्यक महाविद्यालय काढलं. पैसा कुठून आणला? ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचं दुकान त्यांनी चालवलं आणि त्याच्या मिळकतीवर कॉलेज उभं केलं. गंमत पाहा, गोड पेयांच्या पैशांतून दात राखायचं शिक्षण!

फातिमा जीना कलकत्त्यातच दंतवैद्यक शिकल्या. १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत दवाखाना थाटला. १९४८ मध्ये दंतवैद्यांचा कायदा झाला, १९६४ मध्ये अहमदना पद्मभूषण मिळालं.

डॉक्टर झाले, कॉलेजं झाली. सवय मात्र कॉलेज लावत नाही. आमच्या घरी आजोबांचा मिसवाक नमाजच्या वुजूशी बांधलेला होता, शेजारच्या काकांची कडुलिंबाची काडी अंघोळीशी. दोघांनीही दातांवरचं पुस्तक वाचलेलं नव्हतं. मुलांनो, तुम्ही तुमचा ब्रश रात्री मोबाइल बंद करण्याशी बांधा. दोन्ही कामं वेळेवर होतील!