फोटो केव्हाचा?

आमच्याकडे २६ जुलै २००५ च्या पुराचा एक फोटो आहे. वालधुनीचं पाणी कल्याणात कुठवर चढलं होतं, ते त्यात दिसतं. आज तिथे इमारत उभी आहे. पण फोटोवर तारीख पडलीय १ जानेवारी २००२! बॅटरी उतरली की त्या कॅमेऱ्याचं घड्याळ मागे जायचं. मग हा पुरावा मानायचा कसा?

१९९१ साली हेबर आणि स्टॉर्नेटा यांनी एक तोड सुचवली. फाइलचा गणिती ठसा, म्हणजे हॅश, काढायचा आणि असे ठसे साखळीत गुंफायचे. १९९५ पासून त्या साखळीचा ठसा दर आठवड्याला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापला जाऊ लागला. अंक घरोघरी गेलेले. मागाहून बदलणार कोण? २००९ मध्ये सुरू झालेली बिटकॉइनची साखळी यांच्याच कामावर उभी आहे.

आता बारकाईनं पाहा हं. ठसा एवढंच सांगतो की फाइल त्या दिवशी होती. ती कधीची, खरी की बनावट, हे नाही. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत. त्यावरून कल्याण तेव्हा होतं एवढं कळतं. कधी वसलं, ते नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या प्रमाणपत्रातही हॅश लिहावा लागतो. आम्ही आमच्या फोटोचा ठसा नोंदवला, पण गेल्या वर्षी. त्या ठशाला २००५ ठाऊकच नाही.