काशीबाईचा गुन्हा आणि त्या घरातले बाकीचे

बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे काढून मते मागवली. जोतीराव फुले यांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी दिलेल्या अभिप्रायात १८६३ मधला पुण्याचा एक खटला आहे. काशीबाई ही तरुण ब्राह्मण विधवा सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. गोवंडे जोतीरावांचे स्नेही, त्यामुळे एकवीस वर्षांनी लिहिली असली तरी ही हकिकत जवळून कळलेली आहे.

शेजारचा एक शास्त्री तिच्या मागे लागला. आधी तिने दाद दिली नाही, पुढे फसली. दिवस गेल्यावर त्याच्याच सांगण्यावरून तिने विषारी औषधे घेतली, पण गर्भ पडला नाही. मुलगा झाला. अब्रू जाईल या धास्तीने तिने त्याला सुरीने मारले आणि प्रेत घरामागच्या विहिरीत टाकले. दोन दिवसांनी पोलिसांनी तिला धरले. सत्र न्यायालयाने जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. शास्त्र्याला काही शासन झाल्याचे मात्र अभिप्रायात अवाक्षर नाही.

सुवासिनीला दिवस गेले तर तिची ओटी भरायची. विधवेला गेले तर सासर-माहेर दोन्ही बंद, आणि ठाव देणारे घरही वाळीत पडायचे. १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली होती, पण तो करणाऱ्या विधवेचा नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क त्याच कायद्याने जात होता. सुरी काशीबाईने चालवली हे खरेच. ती हातात येण्याइतकी कोंडी मात्र घराने आणि जातीने केली होती.

निकाल लागताच जोतीरावांनी स्वतःच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि ब्राह्मण वस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर छापील जाहिराती चिकटवल्या. तिथे आलेल्या विधवांची सावित्रीबाई देखभाल करत. १८८४ पर्यंत ३५ गरोदर विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या. त्यांची पाच मुले हयात होती. उरलेल्या तिसांना गर्भ लपवण्यासाठी घेतलेल्या औषधांनी पोटातच इजा झाली होती. हे आकडे मला खटल्याहून मोलाचे वाटतात. दंडसंहितेच्या ३१२ व्या कलमाने स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही गुन्हेगार ठरत होती. म्हणजे काशीबाईच्या वाटेवर निम्मे अंतर चालून आलेल्या कितीतरी जणी या गृहात पोचल्या होत्या, आणि कोर्टाच्या दप्तरात त्यांचा मागमूस नाही. नुसत्या निकालपत्रांवरून स्त्रियांची गुन्हेगारी मोजणारा अभ्यासक इथेच फसतो.

१८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येसाठी फाशी सुनावली गेली, ती पुढे काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांनी तोंडसुख घेतले ते समस्त स्त्रीजातीवर. त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून उत्तर दिले: सगळे दोष बायकांच्याच माथी का?

१८७४ मध्ये काशीबाई नावाचीच दुसरी एक ब्राह्मण विधवा जोतीरावांच्या घरी बाळंत झाली. तिचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला, आणि १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्यालाच आपला वारस नेमले.